‘नम’च्या शेवटचा बी

सकाळच्या बातम्या संपल्या की रेडिओवर एक छोटा कार्यक्रम लागायचा. एक इंग्रजी शब्द घ्यायचा, तो आला कुठून, त्याचं स्पेलिंग असं वेडंवाकडं का, पूर्वी त्याचा अर्थ काय होता, ते साध्या मराठीत सांगायचं आणि संपवायचं. सांगणारे गृहस्थ साठीच्या आसपासचे, पूर्वी कॉलेजात इंग्रजी शिकवलेले. इतकी वर्षं हेच करत आल्यामुळे गल्लीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. इस्त्रीवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत ते सगळ्यांचे ‘शब्दवाले’ होते.

शब्दवाल्यांची बायको गेली ती अगदी साध्या दुपारी. भांडी विसळता विसळता खाली बसली, आणि डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. लोक आले, बसले, गेले. शब्दवाल्यांनी सगळ्यांना पाणी विचारलं, खुर्च्या दिल्या, एका पाहुण्याची हरवलेली चप्पलसुद्धा शोधून दिली. रडले नाहीत. “खंबीर माणूस,” असं काहीजण जिन्यात म्हणाले. धाकटी बहीण मात्र निघताना म्हणाली, “दादा, एकदा रडून घे. मोकळं वाटेल.”

“बघतो,” ते म्हणाले. तिने जणू गळका नळ दुरुस्त करून घ्यायला सांगितलं होतं.

रडू येतच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार. आणि खरं सांगायचं तर दुःखही होत नव्हतं. चहा गार होता हे कप रिकामा झाल्यावर लक्षात यायचं. थोड्याच दिवसांत ते पुन्हा स्टुडिओत जाऊ लागले. कार्यक्रमाची निर्माती म्हणाली, आवाज उलट पूर्वीपेक्षा स्थिर लागतोय.

घरात आता ते आणि सासूबाई, एवढेच उरले होते. सासूबाई लेकीकडे राहायला आल्याला बरीच वर्षं झाली होती, पण जावयाशी थेट बोलणं असं कधी झालंच नव्हतं. भांडण नव्हतं, नुसती सवय नव्हती. मधे बायको असायची. “आई विचारतेय, पंखा कमी केला तर चालेल का?” “त्यांना सांग, खुशाल करा.” तिघंही एकाच खोलीत. मधलं माणूस गेल्यापासून पंखा ज्या वेगाने फिरत होता त्याच वेगाने फिरत राहिला.

सासूबाईंना डायबेटिस होता. पाय कायम गार पडायचे. संध्याकाळी रबरी पिशवीत गरम पाणी भरून लेक ती त्यांच्या पायांशी ठेवायची. ते काम आता कुणी न सांगता शब्दवाल्यांकडे आलं. ते पाणी उकळायचे, पिशवीत ओतायचे, बूच घट्ट लावायचे आणि पिशवी पांघरुणाखाली सरकवायचे. सासूबाई “हं” म्हणायच्या. एवढंच.

एका सकाळी सासूबाई चहाला स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा फरशीवर त्यांच्यामागे ओले ठसे उमटत आले. एकाच पायाचे.

“आई, पाय कशात पडला का?”

“नाही हो. का?”

मोजा काढायला त्या तयार होईनात. जावयापुढे पाय करायचा म्हणजे त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी शब्दवाले फरशीवर बसले आणि त्यांनीच मोजा उतरवला. तळव्यावर मोठा फोड येऊन फुटला होता. कातडी मोज्याबरोबर निघून आली. सासूबाई वरून बघत होत्या, दुसऱ्या कुणाचा पाय बघावा तशा.

“दुखत नाहीये?”

“नाही.”

“काहीच?”

“तुमचा हात लागलाय तेही डोळ्यांना दिसतंय म्हणून.”

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी जखम साफ करून पट्टी बांधली, सासूबाईंना डोळे मिटायला सांगितले आणि बोथट टोकाची सुई हळूहळू पावलांवरून वर नेत टोचत राहिल्या. “इथे कळतंय? इथे?” सासूबाई नाही नाही म्हणत राहिल्या. गुडघ्याच्या जरा खाली आल्यावर म्हणाल्या, “हां, इथे.”

डॉक्टर शब्दवाल्यांकडे वळल्या. “दोन्ही पाय नम झालेत. गरम पाण्याची पिशवी देता म्हणालात, त्यात पाणी किती गरम होतं?”

“उकळतं.”

“उकळतं पाणी तर धडधाकट माणसालाही देत नाहीत.”

“मला माहीत नव्हतं.”

“आधी कोण द्यायचं?”

“माझी मुलगी,” सासूबाई मधेच म्हणाल्या. “ती गार पाणी मिसळायची. मीच ह्यांना सांगायला हवं होतं. बोलले नाही.”

शब्दवाल्यांना वाटलं, आपल्याला आता वाईट वाटायला हवं. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते औषधं आणायला उठले.

टॅक्सीत बराच वेळ दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. मग सासूबाईंनी विचारलं, “ते नम म्हणजे काय हो? नमस्कारातलं?”

इतक्या वर्षांत त्यांनी जावयाला शब्दाचा अर्थ पहिल्यांदाच विचारला होता.

“नाही, इंग्रजी आहे. एन यू एम बी. सुन्न, बधिर.”

“ते कळलं. पण आला कुठून? रेडिओवर सांगता तसं सांगा की.”

“जुन्या इंग्रजीत घेणं, पकडून नेणं अशा अर्थाचं एक क्रियापद होतं. ते आता गेलं. त्याचं हे रूप तेवढं राहिलं. म्हणजे मूळ अर्थ, घेतलेलं. नेलेलं. थंडीने नाहीतर आजाराने ताब्यात घेतलेलं.”

“नेलेलं,” सासूबाई म्हणाल्या. “बरोबर आहे. तसंच वाटतं. कुणी नेलेत असं. आणि तो बी कशाला शेवटी? डॉक्टर तर नम म्हणाल्या.”

“मुळात नव्हताच. लॅम म्हणजे कोकरू, कोम म्हणजे कंगवा, या शब्दांत पहिल्यापासून होता, पण त्याचा उच्चार बंद पडला. त्यांचं बघून नंतर लोकांनी थमला, म्हणजे अंगठ्याला लावला, ह्यालाही लावला. उच्चार कधीच नव्हता.”

“नुसता बसून असतो म्हणा.”

“हो.”

“आपल्या घरात दोन आहेत तसले.”

टॅक्सीवाला हसला. शब्दवाल्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू होतं की नाही हे त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं.

पुढच्या रेकॉर्डिंगला त्यांनी तोच शब्द घेतला. काचेपलीकडे नेहमीची रेकॉर्डिंग करणारी मुलगी होती. त्यांनी सुरुवात आपल्या शब्दांपासून केली. सुन्न हा शून्यातून आलेला, आत काही नाही असा. बधिर म्हणजे मुळात बहिरा, हाक मारली तरी ऐकू न येणारा. मग इंग्रजी शब्द, त्याचा जुना अर्थ, शेवटचा उपरा बी. शेवटपर्यंत कुठे अडखळले नाहीत. कागद खाली ठेवून त्यांनी काचेकडे पाहिलं.

मुलगी आत आली. “सर, मधे तुम्ही थांबला होतात.”

“मी? कुठे?”

“‘नेलेलं’ म्हणालात, त्यानंतर. मला वाटलं बरं नाहीये. मी हातही केला.”

“मी थांबलो नव्हतो.”

तिने त्यांना हेडफोन दिले. त्यांनी ऐकलं. स्वतःचा स्थिर आवाज, तो शब्द, आणि मग काहीच नाही. एसीची घरघर. खुर्चीचा बारीकसा आवाज. ते संपता संपेना. मग तोच आवाज पुन्हा सुरू झाला, काही झालंच नाही असा.

“कापू ना?” मुलीने विचारलं.

“काप.”

घरी आल्यावर त्यांनी सासूबाईंची पट्टी बदलली. आता त्या पाय मागे घेत नव्हत्या. पट्टी बदलता बदलता बोलणं व्हायचं, फार नाही, पण व्हायचं. एकदा त्यांनी विचारलं, “ती लहानपणी कशी होती हो?” सासूबाई म्हणाल्या, “हट्टी. एका जागी बसायची नाही.” मग पट्टीचं टोक कुठे गेलं ते शोधावं लागलं आणि विषय तिथेच राहिला.

जखम भरायला वेळ लागला, पण भरली. डॉक्टर म्हणाल्या, कातडी आली, जाणीव मात्र परत येईल असं समजू नका. मऊ, बंद बूट घ्या, घरातही घाला, आणि घालण्याआधी आत हात फिरवून बघत जा. खडा असला तर यांना कळणार नाही.

म्हणून एका दुपारी दोघं बुटांच्या दुकानात गेले. विक्रेत्याने सासूबाईंच्या पायांत एक जोड चढवला, लेस बांधली आणि विचारलं, “चावतात का, आजी?”

“मला काय विचारता? ह्यांना विचारा.”

विक्रेत्याला काही उमजलं नाही. शब्दवाल्यांनी उजवा बूट काढून घेतला, हात आत घातला आणि बोटांनी शिवण चाचपत पुढे गेले. अंगठ्याच्या जागी येऊन थांबले.

“इथे शिवण वर आलीय. टोचतेय.”

विक्रेत्याने बूट घेऊन स्वतःचा हात घालून पाहिला. “काही नाही हो साहेब. अगदी मऊ आहे.”

“टोचतेय,” शब्दवाले म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी मान वळवली. त्यांनी बूट परत मागून घेतला आणि हात पुन्हा आत घातला. बोटं त्याच जागी दाबून ते खाली मान घालून बसून राहिले.

सासूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग विक्रेत्याला म्हणाल्या, “दुसरा जोड दाखवा. त्यांना लागतंय.”