लाल चौकटी

ऑनलाइन खेळातल्या आपल्या खात्यावर कायमची बंदी आल्याचं सुताराला कळलं, तेव्हा गुरुवारची दुपार होती आणि त्याच्या हातात रंधा होता. खेळाच्या कंपनीचं पत्र त्यानं फोनवर दोनदा वाचलं. ‘खेळाच्या चित्रात बदल करणारे बाह्य साधन वापरून गैरफायदा घेतल्याबद्दल’ म्हणे! त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

गैरफायदा कसला डोंबलाचा? या माणसाला जन्मापासून लाल आणि हिरवा सारखेच दिसतात. बायकोनं पॉलिशच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत नावं लिहिली नसती, तर गिऱ्हाइकांची कपाटं कुठल्या रंगात घरी गेली असती कोण जाणे. आणि ज्या खेळात तो रोज संध्याकाळी परगावच्या ताईबरोबर उतरायचा, त्यात आपल्या गड्याभोवती हिरवी रेघ आणि शत्रूभोवती लाल! पहिल्या वर्षी त्यानं सख्ख्या बहिणीला इतक्या वेळा गोळ्या घातल्या की शेवटी ती म्हणाली, "बाळ्या, लहानपणी मी तुझी खेळणी मोडली, त्याचा सूड किती वर्षं घेणार आहेस?"

मग तिनंच एक फुकटचा फिल्टर शोधून दिला. तो लावला की कॉम्प्युटरच्या अख्ख्या पडद्यावरचा लाल रंग निळा व्हायचा. बस, एवढंच. ना भिंतीपलीकडचं दिसायचं, ना गोळी आपोआप लागायची. पण ताई कुठली आणि शत्रू कुठला हे त्याला पहिल्यांदा दिसलं, आणि बेचाळीस वर्षांचा बाप्या बायकोदेखत नाचला. त्यानंतर त्यांचा पाच जणांचा संघ जिंकत जिंकत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना याच रविवारी होता.

माशी शिंकली ती सुताराच्या सवयीमुळे. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय फळीला करवत लावायची नाही, हा त्याचा शिरस्ता. त्याला धरूनच त्यानं गेल्या आठवड्यात कंपनीला सरळ लिहून विचारलं होतं, की मी अमुक फिल्टर वापरतो, माझ्या डोळ्यांचं असं असं आहे, चालेल ना? हात दाखवून अवलक्षण! त्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही बंदी.

त्यानं ताईला फोन लावला.

"तुला विचारायला सांगितलं होतं कुणी?" ताई कडाडली.

"न विचारता वापरणं बरं नाही वाटलं गं."

"आणि विचारून काय मिळालं? समोरच्या संघातला तो पोपट बघ. अंधारातले कोपरे उजळून दाखवणारा महागडा मॉनिटर घेतलाय त्यानं. हजारो लोकांसमोर मिरवत खेळतो. त्याला कुणी हटकलं?"

"त्याचा फिल्टर मॉनिटरच्या आतच असतो ना. नियमात बसतो तो."

"म्हणजे विकत घेतला तर डोळा, आणि फुकट मिळाला तर चोरी! चोर सोडून संन्याशाला फाशी झाली ही. आत्ताच्या आत्ता अर्ज कर, बाळ्या. तू नसलास तर रविवारी मीपण उतरणार नाही."

सुतारानं हात झटकले आणि घरात येऊन कॉम्प्युटर सुरू केला. फिल्टर बंद ठेवला. उगाच आणखी निमित्त नको. अर्ज उघडण्याआधी एक अट होती. ‘आपण माणूस आहात हे सिद्ध करा. सर्व लाल चौकटी निवडा.’

पडद्यावर सोळा चौकटी होत्या. सोळाही त्याला सारख्याच मातकट दिसत होत्या. त्यानं अंदाजानं चार दाबल्या. चूक. दुसऱ्या चार दाबल्या. चूक. ‘शेवटची संधी. त्यानंतर अर्ज करता येणार नाही.’

बायको आत फोनवर बोलत होती. तिला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं आणि परत मिटलं. डब्यांवरची नावं तिनं लिहावीत, ते ठीक. पण आपण माणूस असल्याचा पुरावासुद्धा दुसऱ्याच्या डोळ्यांनी द्यायचा? इतका राग त्याला बंदीचं पत्र वाचतानाही आला नव्हता.

त्यानं फिल्टर लावला. सोळांतल्या पाच चौकटी लख्ख निळ्या झाल्या. त्यानं त्या एकेक करून दाबल्या. ‘धन्यवाद. आपण माणूस आहात.’ अर्ज उघडला. ‘आपले म्हणणे थोडक्यात लिहा.’

सुतारानं एका बोटानं, सावकाश लिहिलं, "तुमच्या लाल चौकटी मी त्याच फिल्टरनं ओळखल्या. तो लावला तेव्हाच तुम्ही मला माणूस मानलंत. आता रविवारी काय मानणार आहात, तेवढं कळवा."

एकदा वाचून पाहिलं आणि पाठवून दिलं.