जिलानीचाचांचं घोरणं आणि मी

मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. लातुरात, क्लासेसच्या गल्लीत, दानम्मामावशींच्या मेसमध्ये पोळ्यांच्या डब्यावर माझं आसन आहे.

मित्रांनो, तरुणपणी मी नुसता थरथरत असे. पण मावशी भूकंपातून वाचलेल्या. मी थरथरलो की डबा खडखडे आणि मावशी पोरांसकट रस्त्यावर! दोनदा जेवणं अर्धी राहिल्यावर माझी थरथर कायमची बंद झाली आणि आवाज पूर्ण वाढला. पोरं मला 'भोंगा' म्हणू लागली. डॉक्टरकीच्या परीक्षेला बसणारा सत्यम तर माझ्यानं लसूण ठेची.

एका दुपारी डबे पोचवणारे जिलानीचाचा बोलता बोलता आडवे झाले. मावशींनी एकशे आठ लावला. पलीकडे रुग्णवाहिकेचे फोन घेणाऱ्या तनुजाताई होत्या.

"पत्ता सांगा."

"टॉपर पोरीच्या फलकाखाली!"

मित्रांनो, त्या पोरीवर चार क्लासेसनी हक्क सांगितला होता. ती प्रत्येक चौकात हसत होती.

"फलकाशेजारी काय आहे?"

"पाण्याची टाकी."

"गाडी निघाली. फोन ठेवू नका. पेशंट शुद्धीवर आहे?"

"शुद्ध शाकाहारी हाय आमची मेस!"

"मावशी, हाक मारली तर ओ देतात का?"

"न्हाई."

"श्वास?"

"घोरायलेत की!"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सत्यमनं तर चाचांच्या डोक्याखाली उशी सरकवली.

ताईंचा आवाज मात्र कडक झाला. "पुढचं घोरणं आलं की 'आता' म्हणा."

आम्ही वाट पाहिली. फारच पाहिली.

"आता," मावशी पुटपुटल्या.

"हे घोरणं नाही! हृदय थांबल्यावर असे आचके येतात. उशी काढा, उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून जोरात, भराभर दाबा. फोन स्पीकरवर टाका!"

स्पीकर! माझा जन्मच त्यासाठी झालेला! ताई मोजत होत्या, मी ओरडत होतो, सत्यम दाबत होता, अख्खी मेस मोजत होती.

"फासळी मोडंल रे!"

"मोडू द्या मावशी, थांबू नका!"

इतक्यात माझी बॅटरी टुकटुकली. मावशींनी चालू मिक्सरची वायर उपटून मला चार्जिंगला लावलं. चटणी अर्धीच राहिली, मी राहिलो. मग गाडी आली, डॉक्टरांनी छातीला विजेचा झटका दिला आणि चाचांचं हृदय पुन्हा कामाला लागलं.

मित्रांनो, जुना फोनही चार्ज करून ठेवा. पलीकडची ताई विचारेल तेवढंच सांगा आणि ती म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. लसणासाठी आता मेसमध्ये दगड आणलाय.

चाचा बरे होऊन परतलेत. पण दुपारी त्यांचा डोळा लागून पहिलं घोरणं आलं, की पोरं "आता!" म्हणून ओरडतात आणि सत्यम बाह्या सावरत धावतो.

"अरे बाबा, थांब! झोपलोय ना मी!"