तांब्याच्या चकतीचे भोक

चकतीचे भोक इतके बारीक होते, की त्यातून मोहरीचा दाणाही गेला नसता. तिने ते रांगेतूनच हेरले. डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसभर मिलिमीटर मोजणारी ती. सुट्टीच्या सकाळीही सवय सुटत नव्हती.

हॉल खचाखच भरला होता. व्यासपीठावर डोळेवाले महाराज गरजत होते, "तळव्यांनी डोळे चोळा! जोरात, शंभर वेळा! आतला अंधार बाहेर काढा! आता ही मंतरलेली चकती लावा आणि वाचा!"

तिचा धाकटा भाऊ, नजर अधू होत चाललेला घड्याळ-दुरुस्तीवाला, चकतीतून अक्षरांचा फळा घडाघडा वाचू लागला. टाळ्या पडल्या.

"आणि चकती काढल्यावर?" मागून कुणीतरी विचारले.

"दिसलं नाही तर श्रद्धा कच्ची! पुढच्या रविवारी या."

भाऊ खाली आला. "बघितलंस ताई? दोन वर्षांत तुझ्या मशीनला जमलं नाही ते..."

"मशीन मोजतं रे, बरं करत नाही." हे सांगून सांगून ती थकली होती. तिने पिशवीतल्या औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला. "खिशात सुई असेलच तुझ्या. पाड भोक, चकतीतल्याएवढंच."

त्याने सफाईने भोक पाडले आणि पुठ्ठा डोळ्याला लावला. फळ्याची शेवटची ओळही दिसत होती.

"हे तर मी पाडलंय," तो पुटपुटला.

शेजारच्या आजींनी पुठ्ठा हिसकावला. "अगं बाई, मलाही दिसतंय! याच्यावर मंत्र कुणी मारला?"

"कुणी नाही, आजी. डोळ्याची पुढची काच वेडीवाकडी असली, की प्रकाश विखुरतो. बारीक भोकातून थोडाच सरळ आत जातो, म्हणून तेवढ्यापुरतं स्पष्ट दिसतं."

"यंत्रवाल्यांना दिव्यदृष्टी काय कळणार!" महाराज ओरडले.

"मग भोक बुजवून वाचून दाखवा. मंत्र तर चकतीत आहे ना?"

आधी आजी हसल्या, मग अख्खी रांग. महाराजांना एकाएकी ध्यानाची वेळ आठवली.

ती मात्र हसली नाही. भावाला बाकावर बसवून म्हणाली, "दवाखान्यात आपण डोळ्यावर हवेचा झोत सोडतो ना? निरोगी काच साधारण मिलिमीटरभर दबते आणि सावरते. तुझी पूर्वीच जास्त दबायची. परवाच्या तपासणीत त्याहूनही जास्त दबली. मऊ पडून पुढे येणारी काच तू दर रविवारी शंभरदा चोळतोयस."

"डॉक्टर म्हणतात तो काच घट्ट करायचा उपचार फसला तर? दुकान, घड्याळं..."

"धोका अजिबात नाही असं म्हणणार नाही. गेलेली नजर परत येईलच, असंही नाही. पण काच घट्ट झाली तर उरलेली नजर बहुतेक टिकेल. माझ्यावरही विश्वास नको ठेवूस. दोन्ही वेळचे आकडे डॉक्टरांसमोर ठेव, हवं ते विचार. महाराजांना विचारलं नाहीस, ते सगळं विचार."

भावाने पुठ्ठा खिशात ठेवला. सवयीने हात डोळ्याकडे गेला. त्याने तो अर्ध्यावरून खाली घेतला.

"ताई, उद्या दुकान बंद ठेवतो. डॉक्टरांना सांग, मी उपचार करून घेतोय."