छायाचित्र : लालासाहेब खोत

"ह्यातलं जित्तं कोण हाय का न्हाई, लालासाहेब?"

यात्रा कमिटीचे अध्यक्ष तात्याबा चष्मा कपाळावर सरकवून टेबलावर पसरलेली कात्रणं न्याहाळत होते. कात्रणं सगळी वर्तमानपत्रांतली, आणि प्रत्येकावर एक चेहरा. कुणाखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', कुणाखाली 'प्रथम पुण्यस्मरण'. एका म्हातारीपाशी त्यांचं बोट थबकलं.

"आरं, ही तर आमची आत्ती!"

"व्हय तात्या. मीच काढल्याली," लालासाहेब अदबीनं म्हणाले. "छापून आल्यालं फोटो दाखवा, म्हंजे प्रेसचा पास मिळंल, असं तुमच्याच नियमात हाय न्हवं? माझं एवढंच छापून येतं."

नियम यंदाच निघाला होता. गेल्या साली ज्याच्या हातात मोबाईल तो पत्रकार, अशी गत झाली. निम्मं मैदान कुस्तीच्या हौद्यात उतरलं, आणि ऐन रंगात आलेला एक पैलवान आपटला तो एका यूट्यूबवाल्याच्या अंगावर. दोघंही उताणे. चीत नेमकं कोण झालं, यावर पंचांचंच भांडण जुंपलं. तेव्हा यंदा ठरलं, की हौद्याच्या काठाला फक्त पासवाला बसेल आणि बाकीची दुनिया लाकडी कुंपणाबाहेर. पासाला संपादकाचं पत्र, छापून आलेले फोटो आणि अर्जदाराचे दोन पासपोर्ट फोटो लागणार होते.

"आत्तीला कोट कुणी घाटला रं?" तात्याबांनी विचारलं.

"शाल हाय ती, तात्या. लग्नातल्या घोळक्यातनं काढलीया न्हवं, अंगावर दुसऱ्याचा हात आल्ता. तो झाकाय शाल घाटली."

तात्याबा आत्तीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "लय झ्याक दिसतीया. पत्र आणा संपादकाचं."

इस्लामपूरच्या बाजारपेठेत लालासाहेबांचा 'राजनंदिनी फोटो स्टुडिओ' होता. लग्नं, बारशी, शाळेचे फोटो सगळंच ते करत. पण त्यांचं खरं नाव झालं होतं ते मेलेल्यांच्या फोटोत. आमच्याकडं माणूस जिवंतपणी एकटा फोटो काढून घेत नाही. तो जातो, आणि मग घरचे कुठल्या तरी मांडवातला शंभर माणसांचा फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "ती मागनं तिसऱ्या वळीत, खांबामागं." लालासाहेब त्या खांबामागनं माणूस हुडकून काढत, शेजारच्यांना कापून टाकत, आणि संगणकावर त्याच्या डोक्यावर फेटा चढवत. जन्मभर ज्याला धड टोपी मिळाली नाही, तो त्यांच्या हातून जरीचा फेटा बांधून स्वर्गात जाई. स्टुडिओची भिंत अशा फेटेवाल्यांनी भरली होती.

ज्या पोरीचं नाव पाटीवर होतं, तिचा मात्र त्या भिंतीवर एकही फोटो नव्हता. राजनंदिनी तालमीत जायची, कुस्ती खेळायची. मेढ्याच्या स्पर्धेत तिनं ढाल जिंकली तेव्हा लालासाहेब कुणाच्या तरी हळदीला कॅमेरा घेऊन उभे होते. सगळ्या पोरींचे फोटो निघाले, फोटोग्राफरच्या पोरीचा राहिला. घरी आल्यावर ढाल कोपऱ्यात ठेवत ती एवढंच म्हणाली, "पप्पा, मी मेल्यावर काढणार हायसा का माझा?"

ते वाक्य लालासाहेबांना जेवू देईना. आता यात्रेच्या मैदानात तिची पहिली मोठी कुस्ती लागली होती, लोणंदच्या एका दणकट पोरीशी. कुंपणाबाहेरून फक्त लोकांची डोकी दिसतात, हे त्यांना ठाऊक होतं. काही झालं तरी पास काढायचाच होता.

संपादक वीरधवल झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत बसून 'हलगी' नावाचं साप्ताहिक चालवी. पत्र त्यानं लगेच दिलं. अट एकच, मैदानाचे फोटो त्याच दिवशी 'हलगी'ला द्यायचे.

"नाव छापशील न्हवं रं खाली?" लालासाहेबांनी विचारलं. इतकी वर्षं त्यांचे फोटो छापून येत होते, पण श्रद्धांजलीखाली नाव येतं ते शोकाकुल परिवाराचं.

"छापतो की! ठळक छापतो. पर काका, खिशाला पेन लावा."

"मला पेन कशाला?"

"लोकं आदी पेन बगत्यात, मग पास."

राहिले पासपोर्ट फोटो. अख्ख्या तालुक्याला 'हनुवटी खाली, डोळं वर' करायला लावणाऱ्या माणसाकडं स्वतःचा एक फोटो निघेना. शेवटी बायकोला, पूजाला, कॅमेऱ्यामागं उभं केलं आणि ते स्वतः स्टुलावर बसले.

"हनुवटी खाली," पूजा म्हणाली. "आणखी खाली. आवं, मेल्यावानी काय बसलाय? अजून फेटा चढायचाय!"

लालासाहेबांना हसू फुटलं आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं. तोच फोटो पासावर चिकटला.

मैदानाच्या दिवशी फाटकावर गुंडा हवालदार उभा होता. फौजेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण त्याच्या मिशा अजून ड्यूटीवर होत्या.

"रुको! पास?"

लालासाहेबांनी पास दिला. गुंडानं एकदा पासाकडं बघितलं, एकदा माणसाकडं.

"फोटो में आदमी हस रहा है. तुम नहीं हस रहे."

"आवं हवालदार, ओळखता की मला! तुमच्या पोराच्या लग्नाचं फोटो कुणी काढलं?"

"ड्यूटी पे पहचान नहीं. हसो."

मागं खोळंबलेली रांग बघत होती. लालासाहेब हसले. गुंडानं पास पुन्हा ताडून पाहिला आणि म्हणाला, "आता बराबर. जावा आत."

हौद्याच्या काठाला, लाल मातीपासून हातभर अंतरावर, लालासाहेब मांडी घालून बसले. हलगी कडाडत होती. राजनंदिनी निळ्या जर्सीत आली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि इकडंतिकडं बघितलं. कॅमेरा डोळ्याला लावलेला बाप दिसला, तशी गालात हसली. लालासाहेबांचे डोळे भरून आले. लेन्स पुसली, तरी धूसरच दिसत होतं. मग त्यांनी डोळे पुसले.

सलामी झडली. आणि कर्णा गरजला, "आपल्या मैदानाला लाभलेले ज्येष्ठ पत्रकार, साप्ताहिक 'हलगी'चे लालासाहेब खोत! कमिटीच्या वतीनं त्यांचा सत्कार होत आहे. त्यांनी ताबडतोब स्टेजवर यावं!"

आमच्याकडं मैदानात पैलवान कमी पडले तरी चालतील, सत्कारमूर्ती कमी पडून चालत नाही. पास घेतला म्हणजे पत्रकार, आणि पत्रकार म्हणजे नारळ, हार, फेटा. नको म्हणणं म्हणजे गावाच्या तोंडावर नारळ फेकून मारणं. लालासाहेबांनी हातानंच 'मागनं येतो' अशी खूण केली. तेवढ्यात दोन कार्यकर्त्यांनी त्यांना बगलेत हात घालून उचललं.

"आवं, माझ्या पोरीची कुस्ती हाय!"

"कुस्त्या दिस बुडंस्तवर हाईत की! आदी मान घ्या!"

स्टेज हौद्याला लागूनच होतं. पायरीशी फाटक सोडून कुस्ती बघायला आलेला गुंडा हवालदार दिसला. लालासाहेबांनी कॅमेरा त्याच्या हातात कोंबला, हौद्याकडं बोट केलं, बटणाकडं बोट केलं. हलगीच्या कडकडाटात शब्द कुणाला ऐकू येणार? पण सत्काराला निघालेला माणूस आपला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात कशाला देतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. गुंडानं मान डोलावली आणि खुर्चीवर चढून नेम धरला.

तात्याबांनी एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात गुलाबाचा गुच्छ, आणि मागून कुणीतरी फेटा बांधायला लागलं. लालासाहेबांनी आजवर शेकडो जणांना फेटे चढवले होते, पण त्यांच्या डोक्यावर हा पहिलाच चढत होता, तोही डोळ्यांवरून. समोर नुसता गुलाबी अंधार. तेवढ्यात मैदान उसळलं. "ढाक! ढाक मारली पोरीनं! चितपट!" शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या. लालासाहेबांनी नारळाच्या हातानं फेटा वर सारला, तेव्हा राजनंदिनीचा हात पंचांनी वर केलेला होता.

ती तशीच मातीनं माखलेली धावत आली. "पप्पा, काढला?"

"काढला की," लालासाहेब म्हणाले आणि खाली बघत नारळाची शेंडी कुरवाळत बसले.

गुंडानं कॅमेरा परत केला. "एकदम फस्ट क्लास, साब. एक भी गोली बाहर नहीं गई." लालासाहेबांनी फोटो पाहिले. नारळ घेताना लालासाहेब. गुच्छ घेताना लालासाहेब. फेट्याखाली गडप झालेले लालासाहेब.

वीरधवलनं कबूल केल्याप्रमाणं पहिल्या पानावर छापलं. वर मथळा 'पत्रकार लालासाहेब खोत यांचा हृद्य सत्कार' आणि फोटोखाली ठळक अक्षरात 'छायाचित्र : लालासाहेब खोत'. इस्लामपूरला आठवडाभराची करमणूक झाली. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "सत्कार बी सवताचा, फोटो बी सवताच! आता श्रद्धांजलीचा बी काढून ठिवा की, काका!"

राजनंदिनीनं अंक वाचला, घडी घातली आणि तालमीला गेली. लोकांचं हसणं लालासाहेबांनी पचवलं असतं. ती घडी काही पचली नाही.

ते स्टुडिओत येऊन संगणकापुढं बसले. सत्काराचा फोटो उघडला आणि हात आपोआप सवयीच्या कामाला लागला. मागनं तिसऱ्या ओळीत, खांबामागं. फोटो मोठा केला. मग आणखी मोठा. आणि स्वतःच्या कोपरामागं त्यांना ती दिसली. निळी जर्सी, दातावर दात, आणि लोणंदची पोरगी तिच्या कंबरेवरून आडवी, दोन्ही पाय हवेत. डावाचा नेमका क्षण पकडला होता. गुंडाला त्याचा पत्ताही नव्हता.

लालासाहेबांनी आधी तात्याबांना कापलं. मग नारळ, गुच्छ. मग स्वतःला कापायला घेतलं. चेहरा गेला, छाती गेली, हात गेला. फेट्याचा शेमला तेवढा राहिला, तो राजनंदिनीच्या टाचेवर आला होता. शेमला कापला तर तिचा पाय जात होता. शाल घालून झाकता आलं असतं, माती रंगवता आली असती. त्यांना काय अवघड होतं? पण पोरीच्या फोटोत खोटं काही घालायचं नाही, असं ठरवून त्यांनी तो तसाच ठेवला.

चौकट भिंतीवर लागली, सगळ्या फेटेवाल्यांच्या मधोमध. हार न घातलेली ती एकटीच.

पुढं गुंडा हवालदार पेन्शनच्या कामाला पासपोर्ट फोटो काढायला आला. राजनंदिनी तालमीतून येऊन काउंटरवर बसली होती. गुंडा स्टुलावर बसला, हनुवटी खाली घेतली, आणि त्याची नजर भिंतीवर गेली.

"क्या फोटो है! कुणी काढला?" मग त्यानं डोळे बारीक केले. "पर ये कोने में गुलाबी गुलाबी क्या है?"

राजनंदिनीनं मागं वळूनही बघितलं नाही.

"आमचं पप्पा हाईत ते," ती म्हणाली.