ग्राहक घरी नव्हते

कोंबडीकाकूंनी आयुष्यात पहिल्यांदा फोनवरून वस्तू मागवली आणि तेव्हापासून त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

वस्तू म्हणाल तर तळहातावर मावेल एवढी. अंडी उबवायच्या पेटीत बसवायचं, तापमान सांभाळणारं बटण. पेटीतली ऊब कमी झाली की ते दिवा लावायचं, जास्त झाली की मालवायचं. इतकी वर्षं बिचाऱ्याने मुकाट्याने काम केलं आणि एका सकाळी खट् असा आवाज करून कायमचं गप्प झालं. तेव्हापासून त्याचं काम काकूंच्या गळ्यात पडलं. थर्मामीटरवर डोळा ठेवायचा, आकडा चढला की दिव्याची पिन काढायची, उतरला की खोचायची. दिवस नाही, रात्र नाही. झोप नावाची गोष्ट त्या घरातून उठून गेली होती.

एरवी काकूंनी एवढा जीव टाकला नसता. अंड्यांची एखादी खेप वाया जाते, कोंबड्या पुन्हा घालतात, त्यात रडायचं काय? पण या वेळी पेटी भरून झाली आणि त्याच आठवड्यात रोगाची साथ आली. काकूंचं खुराडं तिने धुऊन नेलं. काळ्याभोर कोंबड्या होत्या, पंखांवर हिरवी चमक मारणाऱ्या. काकूंच्या आईने त्या पाळल्या होत्या. त्यातल्या दोन काकूंनी लग्नानंतर माहेरून टोपलीत घालून आणल्या, आणि मग त्यांच्या लेकी, नाती, पणत्या असा तो गोतावळा वाढला होता. सगळा गेला. शेजारपाजारच्या कोंबड्याही गेल्या, त्यामुळे अंड्यांवर बसवायला एखादी खुडूक कोंबडी उसनी मागायचीही सोय राहिली नाही. उरली ती पेटीतली डझनभर अंडी. ती उबली नाहीत तर आईच्या हातचं असं या जगात काही उरणार नव्हतं. काकूंनी हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण पिन काढता-खोचताना त्यांच्या मनात दुसरं काही नसायचं.

आता मागवण्याचा प्रकार ऐका. त्या वस्तीवर कुणाच्याही घरात फोन लागत नाही. रेंज मिळते ती काकूंच्या घरामागच्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी. संध्याकाळी कामं आटोपली की सगळी वस्ती तिथे जमते आणि जो तो टाकीला पाठ लावून आपापल्या फोनशी भांडत बसतो. काकूही चढल्या. चष्मा पुसला, बटण शोधलं, हेच ते म्हणून खात्री केली. पत्ता लिहिताना मात्र बोटं अडखळायला लागली. तेवढ्यात फोननेच विचारलं, ‘तुम्ही आत्ता आहात तिथेच पाठवायचं का?’ काकूंना बरं वाटलं. एवढ्या आपुलकीने चौकशी हल्ली माणसंही करत नाहीत. त्यांनी ‘हो’ दाबलं आणि मोठा गड जिंकल्यासारख्या खाली उतरल्या.

पार्सल यायच्या दिवशी काकू सकाळपासून फाटकाशी ठिय्या देऊन बसल्या. म्हणजे बसल्या कसल्या, फाटक ते मागची खोली अशा येरझाऱ्या चालल्या होत्या. फाटकाशी रस्ता बघायचा, धावत आत जाऊन आकडा बघायचा. त्यांचे यजमान बसचे निवृत्त कंडक्टर. सगळी वस्ती त्यांना अजून कंडक्टरच म्हणते. ते म्हणाले, "अगं, एका जागी बस ना. तुला बघून मला गरगरायला लागलं."

"मग डोळे मिटा. नाहीतर पेटीजवळ बसा."

ते पेटीजवळ बसले. पार्सल काही आलं नाही. संध्याकाळी काकू टेकाडावर गेल्या तेव्हा फोनमध्ये निरोप येऊन पडला होता: ‘आमचा माणूस येऊन गेला. ग्राहक घरी नव्हते.’

काकूंचं पित्त असं खवळलं म्हणता! त्यांनी तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाजंत्री ऐकून घेतल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"मॅडम, आमचा माणूस तुमच्या पत्त्यावर आला होता. आपण घरी नव्हता."

"मी घरी नव्हते? अगं बाई, लग्न झाल्यापासून मी घरीच आहे! घरी असण्यापलीकडे मी केलंय काय आयुष्यात?"

"सॉरी मॅडम. तुमचा फोनही लागत नव्हता."

"घरात कुणाचाच लागत नाही."

"मग उद्या फोनजवळ राहाल का मॅडम?"

"फोन माझ्या हातातच असतो. रेंज माझ्या हातात नाही!"

मुलीने पुन्हा सॉरी म्हटलं. ती इतकी गोड बोलत होती की काकूंना नीट भांडताही येईना. टाकीला पाठ लावून बसलेल्या लोकांनी मात्र त्यांची बाजू उचलून धरली. शिवणकाम करणारी म्हणाली, तिची कात्री अशीच परत गेली. मास्तरांचा चष्मा दोनदा परत गेला होता, त्यामुळे ते हल्ली आवाजावरून माणसं ओळखत होते. ही माणसं येतच नाहीत, घरबसल्या थापा मारतात, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी तेच. काकू फाटकात, कंडक्टर पेटीपाशी, आणि संध्याकाळी तोच निरोप. त्याच्याखाली एक ओळ जास्त होती: उद्या शेवटचा प्रयत्न, त्यानंतर पार्सल परत जाईल.

त्या रात्री काकूंचा दोनदा डोळा लागला आणि दोन्ही वेळा त्या दचकून उठल्या. पिलं बाहेर यायचे दिवस आता अगदी तोंडावर आले होते. याच दिवसांत ऊब इकडची तिकडे झाली तर पिलू कवचातल्या कवचात मरतं. पेटीवर हात ठेवून त्या बसून राहिल्या. त्यांना भीती वाटत होती, साधी सरळ भीती. आपण झोपू आणि आईच्या कोंबड्या आपल्या झोपेत मरतील.

सकाळी कंडक्टरांनी बूट चढवले. "आज मी फाट्यावर जाऊन उभा राहतो. माणूस आकाशातून तर पडणार नाही? कुठूनही येवो, वळेल फाट्यावरूनच. इतकी वर्षं या रस्त्यावर तिकिटं फाडली आहेत मी."

"पकडून आणा. सोडू नका."

"सोडतोय कसला? विनातिकीट माणूस सोडला नाही कधी."

ते गेले आणि काकू एकट्या उरल्या. फाटक, पेटी, फाटक, पेटी. दुपार झाली. पाय भरून आले, तरी त्या फिरतच राहिल्या. उन्हाने मागची खोली तापली आणि आकडा चढायला लागला. काकूंनी पिन काढली. तरी चढतोच. वारा यावा म्हणून त्यांनी मागची खिडकी उघडली. एरवी ती कुणी उघडत नाही, कारण तिथून टेकाडाखेरीज काही दिसत नाही.

टेकाडावर एक माणूस उभा होता.

टाकीला टेकवलेली मोटरसायकल, पाठीवर ही मोठी चौकोनी पिशवी, डोक्यावर हेल्मेट. फोन कानाला लावायचा, काढून बघायचा, पुन्हा लावायचा. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावरून टाकीपर्यंत एक कच्ची वाट येते, टाकी साफ करणाऱ्यांशिवाय तिच्यावर कुणी फिरकत नाही. त्या वाटेने तो आला होता. आणि जिथे उभं राहून काकूंनी ‘हो’ दाबलं होतं, नेमका तिथेच तो उभा होता.

काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘तुम्ही आत्ता आहात तिथेच.’ त्या होत्या तिथेच त्याने आणलं होतं, रोज.

"अहो!" त्या खिडकीतून ओरडल्या. वारा उलटा होता. त्याने मानही वळवली नाही.

आता जावं तर पेटी कुणावर सोडायची? पिन खोचून जावं तर अंडी उकडतील. काढून जावं तर मघाशी उघडलेल्या खिडकीतून वारा येतोय, आणि वर किती वेळ लागेल कुणास ठाऊक. कंडक्टर तिकडे फाट्यावर विनातिकीट माणूस शोधत उभे. काकूंनी एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा टेकाडाकडे. मग खुंटीवरचा कंडक्टरांचा ड्यूटीचा जाड स्वेटर ओढून अंगात घातला, वरून त्यांचा पितळी बकलाचा पट्टा कमरेला आवळला आणि गळ्यातून आत जुन्या मऊ फडक्यात गुंडाळून एकेक अंडं पोटाशी सोडलं. डझनच्या डझन. पोटाला त्यांची ऊब लागली तेव्हा काकूंना हुंदका आला, पण हुंदक्यानेही अंडी हलतात हे ध्यानात येऊन त्यांनी तो गिळला.

आणि निघाल्या. मन धावत होतं आणि पायांनी धावायचं नव्हतं, याच्याइतकी वाईट शिक्षा नाही. एक हात पोटाखाली, दुसऱ्या हातात फोन उंच धरून त्या डुलत डुलत टेकाड चढत होत्या. वर त्या माणसाने फोन खिशात टाकला. काकूंनी हात हलवला. त्याने हेल्मेटचा पट्टा लावला. काकूंनी आणखी जोरात हात हलवला. त्याने किक मारली, मोटरसायकल वळवली, आणि वळवता वळवता त्याची नजर खाली गेली.

"अहो ताई! थांबा! चढू नका!" गाडी तशीच टाकून तो धावत खाली आला. "या दिवसांत टेकाड चढतं का कुणी? घरात कुणी आहे की नाही तुमच्या?" जवळ आल्यावर त्याला काकूंचे पांढरे केस दिसले आणि तो गोंधळून गेला. "आजी?"

"अंडी आहेत," काकू धापा टाकत म्हणाल्या. "तूच का रे तो, मी घरी नव्हते असं लिहिणारा?"

"म्हणजे घरी नसणाऱ्या त्या तुम्हीच!" त्यालाही कंठ फुटला. "रोज हे टेकाड चढतोय मी. पार्सल देऊ कुणाला, टाकीला? फोन लावावा तर लागत नाही. हे बघा, पत्ता इथलाच आहे." त्याने फोन पुढे केला. नकाशावर टाकीपाशी एक लाल खूण होती. "तुमच्या वस्तीवरची सगळी पार्सलं इथलीच असतात. कात्री काय, चष्मा काय. आमच्या ऑफिसात म्हणतात, त्या टाकीला खरेदीचं वेड लागलंय."

एरवी काकू पोट धरून हसल्या असत्या, पण पोट आधीच धरलेलं होतं. शिवणवाली, मास्तर आणि सगळी वस्ती टाकीला पाठ लावून त्याच टाकीचा पत्ता देत होती आणि वर कंपनीला शिव्या घालत होती.

"जाऊ दे. दे आता लवकर."

"तुमच्या फोनवर नंबर आला असेल, तो सांगा. तो टाकल्याशिवाय मला देता येत नाही."

फोन काकूंच्या हातात कधीचा टिणटिणत होता. खाली घरी हा आकडा कधीच पोचला नसता. काकूंनी तो वाचून दाखवला आणि त्याने छोटंसं खोकं त्यांच्या हातावर ठेवलं.

"खाली सोडू का गाडीवरून?"

"नको रे बाबा, हादरे बसतील. एक काम कर. ते खालचं घर दिसतंय ना, दार उघडंच आहे. मागच्या खोलीत पेटी आहे. खिडकी लाव आणि दिव्याची पिन खोच. मी येईपर्यंत पेटी गरम झाली पाहिजे. आणि कंडक्टर आले तर सांग, मी पाठवलंय. नाहीतर ते तुला तिकीट विचारतील."

तो उड्या मारत उतरला. काकू टेकाडावर एकट्या उरल्या. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्यांनी वाचलं: ‘आपलं पार्सल घरपोच मिळालं.’

आणि स्वेटरच्या आतून आवाज आला. बारीक, अगदी सुईच्या टोकाएवढा. काकूंनी श्वास रोखला. पुन्हा आला. चिक्. कवचाच्या आतून कुणीतरी विचारत होतं, बाहेर कुणी आहे का.

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी दोन्ही हात पोटावर धरले, मान खाली घातली आणि गळ्यातून आत तोंड करून म्हणाल्या, "आहे गं. घरीच आहे मी."

मग त्या एकेक पाऊल जपून टाकत उतरू लागल्या.