तुळसाचं इंग्रजी गाऱ्हाणं

व्याख्या नावाची वस्तू ज्या कुणी शोधून काढली, त्याला एकदा वैशाखातल्या उन्हात आरोंद्याच्या जेटीवर अनवाणी उभा करायला हवा. शब्द कशाला असतात ते त्याला तिथे कळेल. तुळसाला ते चौथी नापास होऊनही कळत होतं.

आठ वर्षं ती नवऱ्याच्या होडीत पुढे बसून पर्यटकांना खाडी दाखवत होती. सुदेश इंजिन सांभाळी, बोलणं सगळं तुळसाचं. मगर कुठे उन्हाला पडते, पाणमांजर कधी डोकं वर काढतं, कांदळाच्या मुळांत खेकडे कसे लपतात, ती हात नाचवून सांगायची आणि लोक तिच्या बोलण्यासाठी परत यायचे. अशात होडीवाल्यांच्या संस्थेला शहाणपण सुचलं: दिवाळीपासून ज्याला बिल्ला त्यानेच होडीत बोलायचं. बिल्ल्यासाठी दोन दिवस इंग्रजीचा वर्ग, मग तोंडी परीक्षा. नापास झालात तर गप्प बसा. आणि तुळसा गप्प बसली तर त्या होडीत उरतं काय? डिझेलचा वास.

शिकवायला शहरातून विनीत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छापील कागद. "नाउन म्हणजे नाम. प्रत्यक्षातल्या किंवा कल्पनेतल्या वस्तू, व्यक्ती, स्थळ अथवा त्यांचे गुण यांना दिलेलं नाव." उदाहरणं काय, तर लंडन, ॲपल आणि स्नो. खिडकीबाहेर अख्खी खाडी पसरलेली आणि हा इसम बर्फ शिकवत होता!

"सर, राग नाउन काय?" तुळसाने विचारलं.

"हो. अँगर."

"पण तो डोळ्याक दिसणा नाय."

"पाठ करा हो काकी. परीक्षेला तेवढंच लागतं."

पाठ! पाठ करून या देशात माणसं साहेब झाली, आणि परक्या माणसाला धड रस्ता सांगताना त्यांची बोबडी वळते.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबे उघडले. शेजारी भक्ती होती, कॉलेजातली, बापाच्या होडीसाठी परीक्षेला बसलेली.

"गो भक्ती, माझ्या टकलेत ह्यां घुसणा नाय."

"काकी, पळता, खाता, तां नाउन नाय. बरां, वायट, तांय नाय. माणूस, गाव, वस्तू. आणि मनातलां भय, राग."

तुळसाचा घास हातातच राहिला. "म्हणजे गाऱ्हाण्यात येता तां!"

देवळात एकजण मोठ्याने देवाला साकडं घालतो, बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, ते गाऱ्हाणं. त्यात माणसं येतात, वाड्या येतात, गुरं-होड्या येतात. न दिसणारं भय आणि रोगही येतात, 'दूर कर' म्हणून. नुसतं 'सुंदर' कुणी मागत नाही. सुंदर काय? घर की सून?

परीक्षेत विनीत म्हणाला, "दहा नाउन सांगा."

तुळसाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ही रिव्हर, ही बोट, ह्यो क्रॅब, ही क्रोकोडाइल तुझ्या पायाकडे आसत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने अख्खा वर्ग ओरडला.

"ज्यो टुरिस्ट येता, त्येच्या फॅमिलीक, बॅगेक, मोबाइलाक सांभाळ, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या मनातलो फिअर नि माझ्या मनातलो अँगर खाडयेत बुडव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

विनीत बोटांवर मोजत होता. दहा! तेवढ्यात टेबलावर थाप पडली. विनीतच्या शेजारी बसलेले संस्थेचे अध्यक्ष गंगारामकाका. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्याच घराण्याचा.

"थांब! बायलमाणसान गाऱ्हाणां घालूचां नसता. मी सही करूचंय नाय."

सही नाही तर बिल्ला नाही. बायकांनी गाऱ्हाणं न घालण्याचा नियम देवाने केलेला नव्हता, देवाला कुणी विचारलंही नव्हतं.

"काका," तुळसा म्हणाली, "ह्यां इंग्लिश गाऱ्हाणां. ह्येचो मान तुमच्या घराण्यात आसात तर घाला, आमी व्हय म्हणतो. नसात तर सही करा."

काका तावातावाने उठले. घसा खाकरला. "बा देवा म्हाराजा! ही बोट..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यां... वॉटर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि... आणि व्हेरी गुड!"

"व्हेरी गुड काय, काका?" तुळसाने विचारलं. "मासो काय जावई?"

हसण्याने छपराचे पत्रे वाजले. काकांनी डोळे वटारून पाहिलं, पण मिशीने दगा दिला. "म्हणजे व्हेरी गुड नाउन नाय काय रे?"

"नाही काका," विनीत डोळे पुसत म्हणाला.

काकांनी कागद ओढला आणि फर्रकन सही ठोकली. "घे. पण देवळात घालू नको हां!"

तुळसा बिल्ला पदरावर लावत होती. "तां जत्रेक बघूया, काका."