पाणी उपसणारी

मी बोलतेय, डोळ्यातली एक पेशी. बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याच्या अगदी आतल्या थरात शेजारणींना खेटून बसलेली.

डोळ्यातलं पाणी सतत या पडद्यात झिरपतं. साचलं की पडदा फुगतो, दुधी होतो. मग माणसाला नुसतं धुकं दिसतं. म्हणून आम्ही उपसत राहतो. पाण्याला माझ्या भिंतीतून ये-जा करायला जोर लागत नाही, त्याच्यासाठी बारीक वाटा आहेतच. मिठाचं तसं नाही. ते आपणहून आत शिरतं, पण बाहेर काढायचं तर साखर जाळून ढकलावं लागतं. मीठ गेलं की पाणी मागोमाग निघतं. या कामाला सुट्टी नाही, आणि एखादी मेली तर तिच्या जागी नवी जन्मत नाही. उरलेल्या अंग ताणून जागा भरतात.

माझा पहिला मालक एका दुपारी कामावरच कोसळला आणि गेला. माझी साखर आटू लागली. इस्पितळातल्या बाकावर त्याची बायको बसली होती. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "डोळे दान करायचे तर वेळ फार नाही."

"वहिनी, नको," दीर म्हणाला. "आधीच काय कमी झालंय?"

तिने नवऱ्याच्या खिशातला चष्मा काढून घेतला. "डोळे घ्या. हा राहू दे माझ्याकडे."

मग पडद्यासकट मी बाटलीत, आणि थंडी. थंडीत उपसा मंदावला. मीठ आत येत राहिलं, पाणी चढत गेलं.

पुन्हा ऊब लागली ती एका केस कापणाऱ्याच्या उजव्या डोळ्यात. डावा आधीच गेलेला. पट्टी सोडली तेव्हा तो म्हणाला, "धुकंच आहे."

"पाणी उतरायला हवं," डॉक्टर म्हणाले. "थांबू या."

घरी बायको म्हणाली, "दुकान मी चालू ठेवलंय. आज दादाचे केस कापले."

"तू? अगं, माणूस आहे तो, कुंपण नाही!"

"थट्टा सुचतेय, म्हणजे बरे आहात."

ती आत गेल्यावर त्याने वस्तरा उघडला, बोटाने धार चाचपली आणि मिटून ठेवला.

माझ्या शेजारची एक गळून पडली. मग तिच्या पलीकडची. मी अंग ताणलं. ढकल, मीठ बाहेर ढकल. पाणी हलेचना. मग जरासं हललं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी बोटं नाचवली. "किती?"

त्याने तिकडे पाहिलंच नाही. तो दाराशी उभ्या मेहुण्याकडे बघत होता.

"दादा, तुमचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा खाली आलाय."

"एवढंसं तर आहे!" बायको म्हणाली, आणि एकदम वळून त्याच्या डोळ्यात बघू लागली.

आता तो दुकानात उभा राहतो. मी उपसत असते. किती दिवस जमेल, ठाऊक नाही. कुणाचा तरी चष्मा जपून ठेवलेली एखादी बाई तुम्हाला भेटली, तर तिला एवढं सांगा, पाणी उतरलं.